सामाजी वाकरुळकरांनी आणलेला कागद

सरळ माणसाला खोटं बोलायचा सराव नसतो, म्हणून तो बोलतो तेव्हा नेमकं नको तिथं बोलतो. पनवेलच्या इस्राएल आळीतले सामाजी वाकरुळकर असेच सरळ. तीस वर्षं टपाल कचेरीत काढली, पण कुणाचं पोस्टकार्डसुद्धा कधी उलटून वाचलं नाही. त्याआधी पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. तिथून आणलेली एक खाकी पाठपिशवी आणि पहाटे उठून चालायची खोड, एवढीच काय ती त्या लढाईची कमाई. बाकी सगळा जन्म घर, कचेरी आणि मशीद. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणतात. नवख्याचा त्यानं गोंधळ होतो, पनवेलचा कधी झाला नाही.

बायको झिल्पा बाळंतपणात बाराव्या दिवशी गेली. मागं मुलगी राहिली. मशिदीच्या वहीत तिचं नाव रेचल असं लिहिलं गेलं, पण वहीवर काही पोर जगत नाही. शेजारचा दाजी मिठागरावर कामाला जायचा. त्याची बायको मालू तेव्हा स्वतःच्या लेकराला पाजत होती, तिनं हेही लेकरू छातीशी घेतलं. रेचल हे नाव मालूच्या जिभेवर काही बसेना. तिनं शकू म्हणायला सुरुवात केली, आणि जिचं दूध तिचं नाव, अशा न्यायानं साऱ्या आळीनं तेच उचललं. सामाजीही शकूच म्हणायचे. शाळेत हजेरी घेताना मास्तर रेचल म्हणाले की पोरीला आपल्यालाच बोलावतायत हे कळायला जरा वेळ लागायचा.

अठ्ठेचाळीस साली, एकोणिसाव्या वर्षी, शकूचं लग्न एफ्राइमशी झालं. तो मुंबईच्या गोदीत फिटर होता. मुलगा देखणा, हाताला कसब आणि पायाला भिंगरी. यातली पहिली दोनच लक्षणं पाहून सामाजींनी होकार दिला. अकरा महिन्यांनी एफ्राइम एका मालवाहू बोटीवर नोकरीला लागला, दोन वर्षांत येतो म्हणाला आणि शकूला बापाकडे सोडून गेला. मग त्याची पत्रं येऊ लागली. ब्युनोस आयर्सहून तीन आली. बोट सोडली, इथं पगार चांगला आहे. मग मेंडोझाहून दोन. इथं द्राक्षांचे मळे आहेत, मी पाण्याच्या पंपांवर काम करतो. शेवटचं बावन्न साली, चिली देशातून. त्यात प्रकृती बरी आहे, काळजी घे, एवढंच. शिक्का पुसट होता. सामाजींनी भिंग लावून तो वाचला, तेव्हा अँतोफगास्ता नावाचं कुठलं तरी बंदर निघालं. त्यानंतर पाच वर्षं काही नाही.

नवरा हरवला म्हणून बायको सुटते असं त्यांच्या धर्मात नाही. पाच वर्षं जाऊ देत नाहीतर पन्नास. तो मेल्याची साक्ष हवी, नाहीतर त्यानं राजीखुशीनं लिहून दिलेला फारकतीचा कागद हवा. त्या कागदाला गेट म्हणतात. तो हातात पडेपर्यंत बाई ना सवाशीण ना विधवा. शकू शिवणाचं मशीन चालवायची, बापाचं जेवणखाण बघायची आणि लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसायची. तिला कुणी वाईट बोललं नाही. लोक तिच्याशी फार जपून बोलायचे, आणि ते तिला जास्त लागायचं.

छप्पन्न साली पेणच्या शाळेतले सॉलोमन मास्तर सणासुदीला पनवेलला येऊ लागले. विधुर, अबोल, चाळिशीचे. इस्राएल देशात जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं, तशी त्या वर्षांत आळीतली निम्मी घरं ठरवतच होती. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सामाजींना विचारलं, की शकू मोकळी झाली तर मी तिच्याशी लग्न करून तिला घेऊन जाईन. सामाजींनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, आणि त्या दिवशी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं. बापाला उत्तर मिळालं.

चौकशीसाठी सामाजी मुंबईला हाखामांकडे गेले. हाखाम म्हणजे धर्मशास्त्र जाणणारे. हे परदेशातून आलेले होते आणि कागदाच्या बाबतीत फार कडक. त्यांनी सांगितलं, नवऱ्याला गाठा, जाणत्या माणसाकडून कागद लिहून घ्या, दोन साक्षीदार घ्या. कागद तुम्ही स्वतः आणलात तरी चालेल, पण तो माझ्यासमोर मुलीच्या हातात द्यायचा. सामाजींनी मेंडोझाला आणि अँतोफगास्ताला पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा सत्तावन्न सालच्या आरंभी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपटा गावातली नारळाची वाडी विकली, पासपोर्ट काढला आणि बसऱ्याची पिशवी झाडून पाठीला लावली. आळीत हसाहशी झाली. जावई शोधायला सासरा निघाला, ही वरात नवीनच, असं म्हणत लोक त्यांना मोटारस्टँडपर्यंत पोचवायला मात्र गेले. मालू म्हणाली, "जा दादा, शकूला आमी हाय."

मुंबईहून इटलीची बोट, इटलीहून दुसरी बोट, आणि दीड महिन्यानं ब्युनोस आयर्स. एवढे रुंद रस्ते सामाजींनी बसऱ्यात पाहिले नव्हते आणि मुंबईतही नाही. पिशवीत दोन सदरे, एक कोट, प्रार्थनेचं पुस्तक, शकू-एफ्राइमचा लग्नातला फोटो आणि पोह्यांची पुरचुंडी. खिशात एफ्राइमची पत्रं. बंदराजवळच्या खानावळीत माळ्यावर जागा घेऊन ते रोज आठ-दहा मैल चालत, फिटरांच्या कारखान्यांतून फोटो दाखवत. शनिवारी तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनेला गेले, तर दारातल्या माणसानं अडवलं. हा सावळा, मिशाळ माणूस ज्यू कसा असेल? चौघे गोळा झाले. त्यांनी सामाजींकडून श्मा ही ज्यूंची रोजची प्रार्थना म्हणवून घेतली, पुस्तक उघडून वाचायला लावलं, आणि तरीही ते एकमेकांकडे बघून हसले. अठ्ठावन्न वर्षांत सामाजींना हे कुणी विचारलं नव्हतं. पनवेलमध्ये मुसलमान, ब्राह्मण, आगरी सगळ्यांना ठाऊक होतं ते कोण आहेत, आणि इथं आपल्याच माणसांना पुरावा हवा होता. ते मागच्या बाकावर बसले, पण त्या दिवशी त्यांचं प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

मेंडोझाला ते काही आगगाडीनं, काही मालमोटारीनं आणि बरंचसं पायी पोचले. द्राक्षांची तोडणी चालू होती. पनवेलला शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून त्यांचं सरबत करतात, कारण दारू मिळत नाही आणि दारूबंदीच्या आधीही द्राक्षं कुठं होती? बापजाद्यांनी त्या सरबतालाच द्राक्षारस मानून पिढ्या काढल्या. इथं डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसते वेल, आणि बायका पाट्याच्या पाट्या भरून डोक्यावरून नेतायत. एका मळ्याच्या मुकादमानं फोटो ओळखला. फ्राइन, फ्राइन, म्हणाला, पंप चांगले दुरुस्त करायचा, पण पाच हंगामांपूर्वी डोंगर ओलांडून गेला. त्यानं सामाजींना बसवून घेतलं आणि पेला भरून लाल दारू पुढं ठेवली. वार शुक्रवारच होता. सामाजींनी सूर्य मावळताना उभं राहून मंत्र म्हटला, जन्मात पहिल्यांदा खऱ्या द्राक्षारसावर, आणि एक घोट घेतला. तो आंबट आणि कडू लागला. त्यांना शकूच्या हातचं सरबत आठवलं आणि भरून आलं.

डोंगर ओलांडायला आगगाडी होती. पलीकडं सांतियागो शहर. तिथं चार दिवस फिरूनही एफ्राइमचं नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पुसट शिक्क्यावर भरवसा ठेवून ते उत्तरेकडे निघाले. पैसे जपायचे म्हणून जिथं मोटार मिळाली तिथं मोटार, नाहीतर पाय. वाटेत समुद्रालगत सरकारनं राखलेलं एक रान लागलं. सगळीकडे रखरखाट, आणि त्या टेकडीवर मात्र हिरवी झाडं. राखणदारानं खुणांनी सांगितलं, इथं पाऊस नाही, ही झाडं धुकं पिऊन जगतात. सामाजींना वाटलं, आपल्या शकूचं तरी काय वेगळं चाललंय. त्यापुढं रानही संपलं. तांबडे, पिवळे उघडे डोंगर, आणि मधेच पांढरं पठार. उरणकडे मीठ असतं तिथं समुद्र असतो. इथं मीठ होतं आणि समुद्र कुठं पळून गेला होता. या मुलखात त्यांचा बूट फाटला, उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली, तरी ते फडकं बांधून चालत राहिले. परत फिरावं असं त्यांना वाटलं नसेल असं नाही, पण परत जाऊन लेकीला काय सांगायचं?

अँतोफगास्ताच्या वरच्या अंगाला वाळवंटात सोऱ्याच्या खाणी आहेत. मे महिन्यात तिथल्या एका वसाहतीत, पत्र्याच्या घरापुढं, एफ्राइम पाना घेऊन काहीतरी पिळत बसला होता. सामाजींना पाहून तो उभा राहिला आणि उभाच राहिला. आतून एक बाई आणि दोन पोरं बाहेर आली. काही विचारायची गरज नव्हती. सामाजींना वाटलं होतं की हा दिसला की याच्या मुस्काटात मारू. प्रत्यक्षात त्यांनी पाणी मागितलं. एफ्राइमनं त्यांचा बूट काढला, पाय धुतला आणि रडत म्हणाला, मामा, दर वर्षी येणार होतो. सामाजी म्हणाले, तू येऊ नकोस, कागद दे. तो लगेच तयार झाला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्रा माणूस दुसऱ्याचं आयुष्य वाईट माणसापेक्षा जास्त सावकाश नासतो.

दोघं खाली बंदरात आले. डॉक्टरनं पायाची दोन बोटं कापली. गावात दहा-बारा ज्यू घरं होती, सगळी युरोपातून आलेली. त्यांच्यात एक म्हातारा शिंपी होता, तरुणपणी त्याच्या गावी असे कागद लिहायला शिकलेला. तो काम करायला राजी झाला, पण पुन्हा तेच. हिंदुस्थानात कुठले ज्यू? सामाजींनी पुन्हा श्मा म्हटली, पुन्हा पुस्तक वाचलं, सुंता, शनिवार, उपास सगळं सांगितलं. एफ्राइम त्यांच्या भाषेत भाषांतर करून सांगत होता. म्हाताऱ्याला अखेर पटलं, निदान तो तसं म्हणाला. मग तो कागद घेऊन बसला. अशा कागदात गाव कुठल्या नदीवर आहे हेही लिहावं लागतं. त्या वाळवंटात नदी कुठली? शिंपी, दोन साक्षीदार आणि एफ्राइम यांनी त्या नसलेल्या नदीवर दोन तास घातले आणि शेवटी समुद्रकाठचं गाव असं लिहायचं ठरलं. नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बायकोचं नाव रेचल, तिच्या बापाचं नाव. म्हाताऱ्यानं मान वर करून काही विचारलं.

एफ्राइम मराठीत म्हणाला, "मामा, विचारतायत, बाईला घरीदारी दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारतात का. मी शकू सांगतो."

"सांगू नकोस," सामाजी म्हणाले. "ते नाव ऐकलं की पुन्हा सुरू होतील, ही कुठली ज्यू म्हणून. नाही म्हण."

"पण मामा, सगळे तिला शकूच म्हणतात."

"नाही म्हण."

एफ्राइमनं नाही म्हटलं. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून दोघांकडे बघितलं, मग पीस शाईत बुडवून पुढं लिहिलं. साक्षी झाल्या. एफ्राइमनं कागद सासऱ्याच्या हातात दिला. सामाजींनी तो मेणकापडात गुंडाळून पोटाशी बांधला आणि परतीच्या तीन महिन्यांत एकदाही सोडला नाही. बोटीवर त्यांना रोज वाटायचं की आपण जन्मात एक काम पुरं केलं.

भाद्रपदात ते लंगडत पनवेलला उतरले. शकूनं एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोललेला मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं मोठ्या ताटात रचली. सारी आळी जेवली, सॉलोमन मास्तर पेणहून आले, आणि जे हसले होते तेच पुढच्या रांगेत बसून सामाजींना वाळवंटाच्या गोष्टी विचारत होते. शकू त्या दिवशी पुढच्या रांगेत बसली. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्याशी जपून बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईला हाखामांच्या खोलीत तीन जाणते बसले. मास्तर बाहेर बाकावर होते. शकूला दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं करायला सांगितलं. बापानं कागद त्यात टाकला की ती मोकळी. त्याआधी हाखामांनी तो वाचला, नदीच्या जागी जरासे थबकले, पण ठीक आहे म्हणाले. मग शकूकडे वळून त्यांनी सहज विचारलं, की बाई, तुला घरी काय म्हणतात?

"शकू," ती म्हणाली.

ते नाव कागदात नव्हतं. हाखामांनी पुन्हा विचारलं, रेचल कोण म्हणतं? शकू म्हणाली, कुणीच नाही. त्यांनी कागद खाली ठेवला. ज्या नावानं बाईला सगळं जग ओळखतं ते नाव नसेल तर हा कागद तिचा नाही, कुणा दुसऱ्या बाईचा आहे. नवा लिहून आणावा लागेल. मग त्यांनी सामाजींना विचारलं, तिथं कुणी विचारलं नव्हतं का?

शकूची ओंजळ अजून तशीच होती. सामाजींनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्यानं खरं बोलवेना.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "नवऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, दुसरं नाव नाही."

शकूनं हात खाली घेतले. 

मास्तर थांबायला तयार होते. अठ्ठावन्नच्या जानेवारीत ते बोटीनं गेले, तेव्हा म्हणाले, वर्षभर वाट बघतो. त्या वर्षात सामाजींनी एफ्राइमला अकरा पत्रं टाकली, सगळं समजावून, नवा कागद पाठव म्हणून. पाच-सहा परत आली, त्यांवर पत्ता सोडून गेला असा शिक्का. सोऱ्याची ती खाण बंद पडली होती, माणसं पांगली होती. सामाजी पुन्हा जायचं बोलू लागले, पण त्यांना मशिदीपर्यंत जायला काठी लागत होती आणि विकायला वाडी उरली नव्हती. वर्ष संपलं. एकोणसाठ साली मास्तरांचं पत्र आलं, की लग्न केलं, क्षमा असावी. शकूनं त्यांना उत्तर लिहिलं, आनंद झाला म्हणून. आळी हळूहळू रिकामी होत गेली. शनिवारी मशिदीत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनात. शकू मशीन चालवत राहिली, आणि मागच्या रांगेत बसायलाही आता लग्नं होत नव्हती.

चौसष्ट साली, मरायच्या आधी काही महिने, सामाजी अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी झालं होतं. शकू पस्तिशीची झाली होती. एका दुपारी ती पेज भरवत असताना त्यांनी वाटी बाजूला सारली आणि सांगून टाकलं. बंदरातलं सगळं, हाखामांपुढचंही. सात वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं आणि त्यातला एक दिवसही ते सुखानं जेवले नव्हते.

"तो सांगत होता, शकू. मीच नको म्हटलं. वर तुझ्यासमोर त्याच्यावर ढकललं."

शकूनं वाटी खाली ठेवली. "काय सांगत होता?"

"की सगळे तुला शकूच म्हणतात."

"म्हणजे त्याला आठवत होतं."

"होतं."

तिनं वाटीवर झाकण ठेवलं. रागावली असती, रडली असती, तर सामाजींना बरं वाटलं असतं. मग ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"बाबा, त्याचं पत्र आलं होतं. अठ्ठावन्नच्या दिवाळीत. तुम्ही मशिदीत होता. मी फोडलं नाही, चुलीत घातलं."

सामाजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी का म्हणून विचारलं.

"फोडलं असतं तर पत्ता कळला असता. पत्ता कळला असता तर तुम्ही त्या पायानं पुन्हा पिशवी पाठीला लावली असती. आणि कुणासाठी, तर चार लोकांत ज्याला बायकोचं नाव आठवलं नाही त्याच्यासाठी. मी म्हटलं, नको. मी राहीन अशीच."

सॉलोमन मास्तरांनी दिलेल्या वर्षातले त्या दिवाळीत दोन महिने बाकी होते. सामाजींनी ते आत्ता बोटांवर मोजले. शकूनं तेव्हाच मोजले होते.